परवाना कशाचा आणि पैसा कुणाच्या खात्यात? गुंतवणूक कंपनीकडे पहिल्यांदा जाणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

उसाची एकरकमी एफआरपी, शिरोलीतल्या शेडची विक्री, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला, निवृत्तीनंतरची ग्रॅच्युइटी. कोल्हापुरात मोठी रक्कम घरात येते ती साधारण अशाच वाटांनी, आणि ती आल्याची बातमी गल्लीभर व्हायला वेळ लागत नाही. पूर्वी अशा घरी प्लॉटवाले यायचे, पतसंस्थेचे संचालक यायचे. हल्ली इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण येतो. त्याच्या हातातल्या गुळगुळीत पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं: ‘उदयोन्मुख बाजारपेठांत गुंतवणूक करणारी परवानाधारक गुंतवणूक व्यवस्थापन कंपनी.’

हे खोटंच असेल असं नाही. अशा चांगल्या कंपन्या आहेत आणि त्यांच्याकडे पैसा सोपवून निवांत राहिलेले लोकही आहेत. पण त्या एका ओळीत बरेच दावे कोंबलेले असतात आणि प्रत्येक दावा घरबसल्या तपासता येतो. बहुतेक वेळा त्याला एक पैसाही खर्च येत नाही. कुठल्या क्रमाने तपासायचं ते खाली दिलं आहे. क्रम सहसा मोडू नका, कारण पहिल्या दोन पायऱ्यांवरच निम्म्याहून अधिक पाहुणे गळतात.

पहिली पायरी: ही कंपनी नेमकं काय करते?

गुंतवणूक व्यवस्थापन कंपनी म्हणजे बँक नव्हे आणि पतसंस्थाही नव्हे. ती ठेव घेत नाही, व्याज देत नाही, मुदत संपली की ठरलेली रक्कम देण्याचं वचनही देत नाही. मार्केट यार्डातलं गुळाचं अडत दुकान डोळ्यासमोर आणा. रवे अडत्याकडे उतरतात, सौदा त्याच्या दुकानात निघतो, पण माल शेतकऱ्याचा असतो. दर पडला तर झळ शेतकऱ्याला, अडत्याला त्याची अडत, आणि शेवटी हातात हिशेबाची पट्टी. इथेही शेअर तुमचे, जोखीम तुमची, कंपनीला तिची फी. ‘महिन्याला इतके टक्के नक्की’ असं कुणी म्हणत असेल तर तो वेगळाच धंदा आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमांत पोर्टफोलिओ मॅनेजरला, म्हणजे ग्राहकाच्या वतीने त्याचा पैसा गुंतवणाऱ्याला, परताव्याची हमी द्यायला मनाई आहे.

आपल्याकडे हे काम मुख्यतः दोन रूपांत चालतं. म्युच्युअल फंडात हजारो लोकांचा पैसा एकत्र करून त्यातून शेअर घेतात आणि तुम्हाला युनिट मिळतात. पाचशे रुपयांच्या एसआयपीनेही सुरुवात करता येते. दुसरं रूप म्हणजे पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिस, बोलीभाषेत पीएमएस. त्यात शेअर थेट तुमच्या नावच्या डीमॅट खात्यात येतात. पीएमएससाठी किमान रक्कम ५० लाख रुपये आहे. जानेवारी २०२० पूर्वी ती २५ लाख होती. याशिवाय एक कोटीपासून सुरू होणारे एआयएफ, म्हणजे पर्यायी गुंतवणूक निधी, आहेत, आणि एप्रिल २०२५ पासून दहा लाखांच्या किमान रकमेचे ‘स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड’ नावाचं मधलं प्रकरणही आलं आहे. नवख्या माणसाने या दोन्हींकडे सध्या लक्ष दिलं नाही तरी चालेल.

या आकड्यांचा लगेच उपयोग होतो. ‘आमची पीएमएस पाच लाखांपासून’ असं ऐकलं की चहा पाजून निरोप द्या. ‘चौघे मित्र मिळून पन्नास लाख करा, एकाच्या नावावर टाका’ हा सल्लाही तसलाच. मर्यादा दर ग्राहकामागे आहे, ती वर्गणी काढून गाठायची नसते.

दुसरी पायरी: नोंदणी क्रमांक वाचा

व्हिजिटिंग कार्ड हातात घ्या आणि फोन नंबरच्या खालची बारीक ओळ बघा. सेबीच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवातीची अक्षरंच सांगतात की समोरच्याला काय करायची परवानगी आहे.

‘आयएनपी’ आणि पुढे नऊ अंक असतील तर तो पोर्टफोलिओ मॅनेजर. ‘आयएनए’ म्हणजे गुंतवणूक सल्लागार: तो सल्ला देऊ शकतो, तुमचा पैसा ताब्यात घेऊन फिरवू शकत नाही. ‘आयएनएच’ म्हणजे रिसर्च ॲनालिस्ट, शेअरबद्दल मत देणारा. ‘आयएनझेड’ म्हणजे ब्रोकर. आणि ‘एआरएन’ असेल तर समोर बसलेला माणूस म्युच्युअल फंडाचा वितरक आहे. तो क्रमांक सेबी देत नाही, ॲम्फी ही म्युच्युअल फंडांची संघटना देते. वितरक असण्यात कमीपणा काही नाही, राजारामपुरीपासून गडहिंग्लजपर्यंत कितीतरी वितरक चोख काम करतात. पण वितरकाने ‘तुमचा फंड मी मॅनेज करतो’ असं म्हणू नये, आणि तुम्ही ते ऐकून घेऊ नये. पीएमएस विकणाऱ्या वितरकाला तर १ जानेवारी २०२५ पासून एपीएमआय या पोर्टफोलिओ मॅनेजरांच्या संघटनेकडे वेगळी नोंदणी करावी लागते.

काही ऑफिसांत भिंतीवर सोनेरी फ्रेममध्ये ‘लायसन्स’ लटकत असतं. जवळ जाऊन वाचलं तर ते शॉप ॲक्टचं निघतं. कंपनी नोंदणीचा दाखला, जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी, आयएसओ प्रमाणपत्र हे सगळं खरं असू शकतं, पण यातल्या एकानेही दुसऱ्याचा पैसा शेअर बाजारात गुंतवायची परवानगी मिळत नाही.

आता क्रमांक पडताळायचा. सेबीच्या संकेतस्थळावर ‘इंटरमीडिअरीज’ या विभागात ‘रेकग्नाइज्ड इंटरमीडिअरीज’ अशी यादी आहे. तिथे प्रकार निवडायचा, ‘रजिस्टर्ड पोर्टफोलिओ मॅनेजर्स’, आणि नाव किंवा क्रमांक टाकून शोधायचं. समोर एक छोटा तक्ता येतो: नाव, नोंदणी क्रमांक, ईमेल, दूरध्वनी, पत्ता, संपर्क व्यक्ती आणि वैधता. पुस्तिकेवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा. ‘कॅपिटल’ आणि ‘कॅपिटल्स’ यात फसवणूक बसू शकते.

तक्ता जुळला म्हणून थांबू नका. खऱ्या कंपनीचं नाव, खरा क्रमांक, खरा लोगो उचलून खोटं ॲप काढणं हा आताचा सर्रास प्रकार आहे. म्हणून कार्डवरच्या नंबरवर फोन करायचा नाही. सेबीच्या तक्त्यातल्या नंबरवर फोन करून विचारायचं, “अमुक नावाचे गृहस्थ कोल्हापुरात तुमच्या वतीने काम करतात का?” खऱ्या कंपनीला या प्रश्नाचा राग येत नाही. समोर बसलेल्या माणसाला आला, तर काम तिथेच संपलं.

यूपीआयने पैसे मागितले तर आणखी एक खूण आहे. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने ब्रोकर, म्युच्युअल फंड अशा नोंदणीकृत संस्थांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेले खास यूपीआय पत्ते सुरू केले आहेत, आणि ‘सेबी चेक’ या सोयीतून यूपीआय पत्ता किंवा बँक खातं पडताळता येतं.

तिसरी पायरी: ‘उदयोन्मुख बाजार’ म्हणजे कुठले देश, ते विचारा

‘इमर्जिंग मार्केट्स’ हे नाव १९८१ मध्ये पुढे आलं. जागतिक बँकेच्या परिवारातल्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनमध्ये काम करणारे आंत्वान व्हॅन ॲग्टमाल यांनी ते वापरलं. ‘तिसऱ्या जगातल्या शेअरांचा फंड’ म्हटल्यावर पैसा कोण देणार, असा व्यवहारी हिशेब त्यामागे होता. १९८८ मध्ये एमएससीआय या कंपनीने या बाजारांचा निर्देशांक काढला. सुरुवातीला त्यात दहा देश होते, आता चोवीस आहेत: चीन, भारत, तैवान, दक्षिण कोरिया, ब्राझील, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, सौदी अरेबिया, तुर्कस्तान, इंडोनेशिया, पोलंड वगैरे. कतार आणि संयुक्त अरब अमिरातीही त्यात आहेत, कारण वर्गवारी फक्त देशाच्या श्रीमंतीवर होत नाही. बाजार केवढा, उलाढाल किती, परक्या गुंतवणूकदाराला पैसा आणता-नेता येतो का, हे पाहिलं जातं. निर्देशांकाचा मोठा भाग चीन, तैवान, भारत आणि कोरिया हे चारच देश व्यापतात. ‘चोवीस देशांत विभागलेली जोखीम’ असं पुस्तिकेत दिसलं तर तेवढं लक्षात ठेवा.

यादी कायमची नसते. ग्रीस २०१३ मध्ये विकसित गटातून इथे घसरला. पाकिस्तान २०२१ मध्ये आणखी खालच्या, फ्रंटिअर गटात गेला. रशियाचं तर विचारू नका. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर मार्च २०२२ मध्ये त्याला निर्देशांकातून काढलं ते जवळपास शून्य किमतीला. फंडांकडे रशियन कंपन्यांचे शेअर होते, कंपन्या चालू होत्या, तेल निघत होतं, आणि तरी विकायला बाजार नव्हता. अशा बाजारांतली जोखीम ‘भाव वरखाली होतो’ एवढ्यापुरती नसते, ती या प्रसंगातून कळते.

दुसरी जोखीम चलनाची. ती उद्यमनगर आणि गोकुळ शिरगावातल्या फौंड्रीवाल्यांना समजावून सांगायला नको, डॉलर-युरोचा भाव बघूनच त्यांची कोटेशनं निघतात. समजा एखाद्या देशातले शेअर वर्षभरात २० टक्के वाढले, पण त्याच वर्षात तिथलं चलन रुपयाच्या तुलनेत १५ टक्के पडलं. शंभराचे एकशेवीस झाले आणि त्या एकशेवीसचे रुपयात एकशेदोन उरले. पुस्तिकेत २० टक्के छापलेलं असेल, तुमच्या हाती दोन. परताव्याचा कुठलाही आकडा दाखवला की तो कुठल्या चलनातला, हे आधी विचारा.

कुठल्या वर्षांचा, हेही विचारा. २००० ते २००९ या काळात उदयोन्मुख बाजारांनी अमेरिकेला मागे टाकलं होतं. पुढच्या दहा वर्षांत बरोबर उलटं झालं. ज्याला जे विकायचं, तो तेवढंच दशक दाखवतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे सहसा कुणी सांगत नाही: लंडन-न्यूयॉर्कच्या माणसासाठी आपण स्वतःच उदयोन्मुख बाजार आहोत. त्याचा ‘इमर्जिंग मार्केट’ फंड मुंबईतल्या मोठ्या बँकांचे आणि आयटी कंपन्यांचे शेअर घेतो. तुमच्याकडे साधा निफ्टीचा इंडेक्स फंड असेल तर तुमचा पैसा आधीच या गटातल्या एका मोठ्या देशात आहे. जागतिक उदयोन्मुख फंड घेतलात तर त्याचा काही भाग परदेशी फी भरून पुन्हा भारतातच येईल. त्याने आभाळ कोसळत नाही, पण आपण काय घेतोय ते माहीत असावं. काही योजनांच्या नावात ‘इमर्जिंग’ असतं आणि आत निव्वळ भारतीय मिडकॅप, म्हणजे मध्यम आकाराच्या कंपन्यांचे, शेअर असतात. नाव सोडा, शेअरांची यादी मागा.

चौथी पायरी: परवाना आणि माल यांची सांगड घाला

इथे बहुतेक जण फसतात, म्हणून थोडं थांबून वाचा. सेबीच्या २०२० च्या नियमांनुसार डिस्क्रिशनरी पीएमएस, म्हणजे ज्यात खरेदी-विक्रीचा निर्णय मॅनेजर स्वतः घेतो, ती तुमचा पैसा देशातल्या मान्यताप्राप्त शेअर बाजारांतले रोखे, मनी मार्केटची साधनं आणि म्युच्युअल फंडांची युनिटं अशांतच गुंतवू शकते. मग समोरचा गृहस्थ ‘आयएनपी’ क्रमांक दाखवून ‘आम्ही ब्राझील आणि व्हिएतनामचे शेअर घेतो’ म्हणत असेल, तर परवाना एका कामाचा आणि विकायला ठेवलेला माल दुसऱ्याच कामाचा.

परदेशी उदयोन्मुख बाजारात जायच्या कायदेशीर वाटा अशा आहेत.

पहिली आणि सोपी वाट म्हणजे भारतीय म्युच्युअल फंडांच्या परदेशात गुंतवणूक करणाऱ्या योजना. रुपयात पैसे द्यायचे, रुपयात काढायचे. अडचण एवढीच की परदेशी गुंतवणुकीसाठी सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. २०२२ च्या सुरुवातीला ती भरत आल्याने अनेक योजनांनी नवे पैसे घेणं थांबवलं होतं. त्यामुळे योजना सध्या उघडी आहे का, ते आधी बघावं लागतं.

दुसरी वाट गुजरातच्या गिफ्ट सिटीतून जाते. तिथल्या कंपन्यांवर सेबीचा अंमल नाही. २०२० मध्ये स्थापन झालेलं आयएफएससीए हे वेगळं प्राधिकरण त्यांना नोंदणी देतं, आणि नोंदणीकृत कंपन्यांची यादी त्याच्याच संकेतस्थळावर सापडते. व्यवहार परकीय चलनात होतात.

तिसरी वाट म्हणजे स्वतः परदेशात पैसे पाठवणं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. परदेशी कंपनी ‘परवानाधारक’ म्हणत असेल तर कुठल्या देशाचा परवाना, ते विचारून त्या देशाच्या नियामकाची यादी उघडायची: ब्रिटनसाठी एफसीए, सिंगापूरसाठी एमएएस, अमेरिकेसाठी एसईसी, दुबईच्या वित्तीय केंद्रासाठी डीएफएसए. या सगळ्यांच्या नोंदवह्या फुकट बघता येतात. एखाद्या छोट्या बेटावर कंपनी नोंदवणं आणि तिथला गुंतवणुकीचा परवाना मिळवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि परवाना खरा असला तरी त्याने ताराबाई पार्कात सेमिनार घेऊन ग्राहक गोळा करायचा अधिकार मिळतो असं नाही.

चौथी वाट सांगितली जाते, ती नाहीच. ‘आमच्या एफपीआय खात्यातून तुम्हाला संस्थात्मक भावाने शेअर मिळतील, डीमॅटची गरज नाही.’ एफपीआय ही परदेशी गुंतवणूकदारांनी भारतात यायची वाट आहे. निवासी भारतीयाला, फार मोजके अपवाद सोडले, तर तिथून जाता येत नाही, आणि सेबीने २०२४ मध्ये या नावाने चालणाऱ्या फसवणुकीबद्दल जाहीर इशारा दिला होता. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नफ्याचे स्क्रीनशॉट येत असतील आणि ग्रुपमध्ये एकही ओळखीचा माणूस नसेल, तर गाडी याच वाटेवर आहे. परकीय चलनाच्या ट्रेडिंगचे ॲप दाखवत असतील तर रिझर्व्ह बँकेची अनधिकृत मंचांची ‘अलर्ट लिस्ट’ बघा. नाव यादीत नाही म्हणजे अधिकृत, असंही समजू नका.

पाचवी पायरी: पैसा कुणाच्या खात्यात जातो?

या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात मिळायला हवं. पीएमएसमध्ये पैसा एकतर तुमच्याच नावच्या खात्यात राहतो, किंवा कंपनीने ग्राहकांच्या पैशासाठी शेड्यूल्ड बँकेत वेगळ्या ठेवलेल्या खात्यात. शेअर सांभाळायला कस्टोडियन म्हणून तिसरीच संस्था असते. माणसाचं बचत खातं, अनोळखी फर्मचं चालू खातं, रोख, क्रिप्टो यातलं काही निघालं तर विषय संपला. रोखीबद्दल आपल्याकडे अजून सवय सैल आहे. ‘निम्मे चेकने, निम्मे रोख’ ही जमिनीच्या व्यवहारातली भाषा इथे कुणी वापरली तर उठून यावं.

पैसे दिल्यावर पंधरा-वीस दिवसांत स्वतः खात्री करा. कंपनीच्या ॲपमध्ये दिसणारा आकडा हा पुरावा नव्हे, तो कुणीही छापू शकतो. शेअरांची नोंद ठेवणाऱ्या सीडीएसएल आणि एनएसडीएल या दोन डिपॉझिटरी आहेत. डीमॅट सीडीएसएलकडे असेल तर ‘इझी’ या संकेतस्थळाच्या सोयीवर आणि एनएसडीएलकडे असेल तर ‘आयडियाज’वर स्वतः लॉगिन काढा. तिथे तुमच्या पॅनखाली कंपनीचं नाव, शेअरची संख्या आणि तारीख दिसली की माल खरोखर तुमच्या नावावर आला. डिपॉझिटरीकडून ईमेलवर येणारं एकत्रित खातेपत्रकही याच कामाचं. ते येत नसेल तर केवायसीत तुमच्या ईमेलऐवजी एजंटाचा ईमेल टाकलाय का, ते आधी बघा. हे फार ठिकाणी होतं, ‘साहेब, तुम्हाला कशाला त्रास’ म्हणत होतं.

सहावी पायरी: डिस्क्लोजर डॉक्युमेंट आणि फी

प्रत्येक पोर्टफोलिओ मॅनेजरला ‘डिस्क्लोजर डॉक्युमेंट’ द्यावंच लागतं. पुस्तिका बाजूला ठेवा, हे मागा. सगळं वाचणं होत नाही हे मान्य, पण तीन भाग तरी वाचा: कंपनीवर झालेले दंड आणि चालू खटले, मागील तीन वर्षांची कामगिरी, आणि फी. कामगिरीची तुलना ठरलेल्या निर्देशांकाशी केलेली असते. सेबीच्या संकेतस्थळावर प्रत्येक पीएमएसचा मासिक अहवालही असतो, त्यात ग्राहक किती, मालमत्ता किती, तक्रारी किती, हे दिसतं. दोन्हीकडचे आकडे ताडून बघा.

फीचं गणित कागदावर मांडूनच घ्या. समजा ५० लाखांवर वर्षाला अडीच टक्के स्थिर फी. ती झाली सव्वा लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी, २२,५००. म्हणजे १,४७,५०० रुपये, बाजार चढो की पडो. ब्रोकरेज वेगळं. ब्रोकरेज सोडून बाकीच्या चालू खर्चांना वर्षाला अर्ध्या टक्क्याची कमाल मर्यादा आहे.

दुसरा प्रकार नफ्यातल्या वाट्याचा. समजा १० टक्क्यांच्या वरच्या नफ्यावर २० टक्के वाटा ठरला. पन्नासाचे साठ लाख झाले, तर पहिले पाच लाख सोडून उरलेल्या पाचांवर एक लाख फी, आणि वर जीएसटी. पुढच्या वर्षी साठाचे बावन्न झाले आणि तिसऱ्या वर्षी बावन्नाचे एकोणसाठ, तर तिसऱ्या वर्षी नफ्याची फी लागत नाही, कारण मागचा साठचा उच्चांक ओलांडलेला नाही. याला ‘हाय वॉटर मार्क’ म्हणतात आणि तो नियमानेच पाळावा लागतो. करारात हे कलम बोट ठेवून दाखवायला सांगा.

सुरुवातीलाच आगाऊ फी घेणं २०२० च्या नियमांनी बंद झालं आहे. ‘जॉइनिंग चार्जेस’ किंवा ‘प्रोसेसिंग’च्या नावाने कुणी मागितले तर देऊ नका. लवकर बाहेर पडल्यास पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ३ टक्के, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी १ टक्का कापता येतो, त्यानंतर काही नाही. आणि वितरकाशिवाय थेट खातं उघडायची सोय प्रत्येक पीएमएसला द्यावी लागते. थेट गेल्यास वितरणाचा खर्च वाचतो. माझं मत विचाराल तर ज्याला वर्षातून दोनदा कुणाशी तरी समोरासमोर बसून बोलल्याशिवाय झोप लागत नाही, त्याने वितरक ठेवावा, बाकीच्यांनी थेट जावं.

सातवी पायरी: कर, आधीच

पीएमएसमध्ये प्रत्येक विक्रीचा कर तुमच्या विवरणपत्रात येतो. मॅनेजरने भारतीय शेअर वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर विकला तर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, शिवाय लागू असेल तसा सेस-अधिभार. वर्षभर उलथापालथ करणारा मॅनेजर तुमचा कर वाढवतो, आणि तो बोजा पुस्तिकेतल्या परताव्यात दिसत नाही. म्युच्युअल फंडात तुम्ही स्वतः युनिट विकेपर्यंत कर नाही. परदेशी शेअर किंवा परदेशी फंड थेट घेतला तर दीर्घ मुदतीसाठी २४ महिने थांबावं लागतं.

एलआरएसने गुंतवणुकीसाठी पैसे पाठवताना वर्षाच्या १० लाखांपुढील रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेते. ३० लाख पाठवायचे तर वरच्या २० लाखांवर चार लाख रुपये वेगळे भरावे लागतात. ते आयकरात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकतात. सीझनच्या तोंडावर ज्याला खेळतं भांडवल लागतं त्या व्यापाऱ्याने तारखा बघूनच पाठवावेत. परदेशी खातं किंवा शेअर नावावर असतील तर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरणं सक्तीचं आहे, उत्पन्न शून्य असलं तरी. काळा पैसा कायद्याखाली न भरल्याचा दंड १० लाखांचा आहे. एकूण २० लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला ऑक्टोबर २०२४ पासून त्यातून सूट आहे. भारतीय म्युच्युअल फंडाच्या परदेशी योजनेत हे लचांड नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी तीच वाट सांगतो, त्याचं हे एक कारण.

आठवी पायरी: कागद

पॅन, आधार, रद्द केलेला चेक, फोटो, नॉमिनीची माहिती. करार आणि मर्यादित अधिकारपत्रावर सही करताना कोऱ्या जागा राहू देऊ नका. नॉमिनी नेमला म्हणजे वारसाचा प्रश्न मिटला असं समजू नका: शेअर मालकाच्या मृत्यूनंतर नॉमिनीच्या नावे होतात, पण मालकी वारसांचीच राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. भावाभावांत जमीन एकत्र असलेल्या घरांनी मृत्युपत्रही करून ठेवावं.

पैसे दिल्यानंतर

दर तीन महिन्यांनी अहवाल आला पाहिजे: कोणते शेअर, काय विकलं, फी किती कापली. रोज भाव बघायची गरज नाही, पण हा अहवाल इझी किंवा आयडियाजवरच्या यादीशी दर वेळी जुळवा. जुळला नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ईमेलने. फोनवरचं बोलणं तक्रार ठरत नाही. दाद लागली नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर. तिथे तक्रार गेली की कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सेबीचा टोल फ्री क्रमांक १८०० २२ ७५७५ आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. त्यानेही समाधान झालं नाही तर ‘स्मार्ट ओडीआर’ या ऑनलाइन तंटा निवारण मंचावर जाता येतं.

ही सगळी सोय नोंदणीकृत कंपनीपुरती आहे. बिगरनोंदणीच्या माणसाकडे पैसे अडकले असतील तर वाट पोलिसांची. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते गोठवता आले तरच हाती लागतात. ठेव म्हणून घेतलेले पैसे बुडाले असतील तर महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली, म्हणजे एमपीआयडीखाली, गुन्हा नोंदवून आरोपीची मालमत्ता जप्त करता येते. पोलिस अधीक्षक कार्यालयातल्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जाताना बँकेचा उतारा, करार किंवा पावती, व्हॉट्सॲप संभाषणाच्या छापील प्रती आणि पैसे कुठल्या तारखेला कुठल्या खात्यात गेले याचा एक पानी तक्ता सोबत न्या. एजंट ‘पुढच्या महिन्यात देतो, तक्रार करू नका’ म्हणत असेल, तर ते वाक्यही तारखेसह त्याच तक्त्यात लिहा.